पेठ राखणारी राज्यकर्ती : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

बीडहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंब्याला येतो. तेथेच त्याला जामखेड-पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा दुसरा रस्ता भेटतो. गाव लहान, पण चौक मोठा. चहाची हॉटेले, धाबे, पंक्चर काढणारे, टायरवाले, रसवंत्या, भाजी-फळांच्या हातगाड्या, हंगामात डोंगरातल्या सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया, असा सारा पसारा या चौकाच्या आधाराने उभा आहे. जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी कार्तिकात येणाऱ्या भाविकांचीही त्यात भर पडते. शेतीला पाण्याची शाश्वती नसलेल्या या भागात वाटसरू हेच अनेकांचे दुसरे पीक आहे.

याच चौकातून पश्चिमेचा रस्ता धरला, की जामखेड ओलांडून सीना नदीच्या काठी चौंडी लागते. पूर्वेचा रस्ता धरला, की अंबाजोगाईवरून परळी वैजनाथला जाता येते. चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव, तर परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्याच नावावर आहे. मंदिरे, घाट, बारव आणि धर्मशाळा यांमुळे अहिल्यादेवी घराघरांत पोहोचल्या. परंतु त्यांच्या कारभाराची दुसरी बाजू तेवढी बोलली जात नाही. वाणी-उदमी, कोष्टी, सावकार आणि फिरते व्यापारी यांच्या पाठीशी राज्याचा खजिना आणि राज्याची यंत्रणा कशी उभी करावी, याचा एक आदर्श त्यांनी अठ्ठावीस वर्षे घालून दिला. छोट्या व्यवसायांना स्थानिक कारभाराने आधार द्यावा की देऊ नये, दिला तर कसा द्यावा, ही चर्चा आज गावोगावी होत असताना त्या चरित्राकडे या अंगाने पाहणे उपयोगाचे ठरेल.

चौंडी ते इंदूर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीच्या माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. माणकोजी गावचे पाटील होते. धनगर समाजातील या साध्या घराण्यात मुलीला अक्षरओळख करून देण्यात आली, ही त्या काळाच्या मानाने विशेष गोष्ट होती. मराठ्यांच्या फौजा तेव्हा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरू लागल्या होत्या आणि त्या फौजांच्या आघाडीवर असलेल्या सरदारांपैकी मल्हारराव होळकर हे एक होते. मेंढपाळाच्या कुळातून स्वतःच्या तलवारीच्या बळावर वर आलेल्या मल्हाररावांनी चौंडीच्या मुक्कामात देवळात ही मुलगी पाहिली आणि सून म्हणून पसंत केली, अशी आख्यायिका आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांचे वय आठ वर्षांचे होते.

सासरी त्यांना दोन शिक्षक लाभले. सासूबाई गौतमाबाई या करारी आणि हिशेबी होत्या. पेशव्यांनी १७३४ मध्ये त्यांच्या नावे खासगीची स्वतंत्र जहागीर करून दिली होती, तिचे उत्पन्न सुमारे तीन लाखांचे होते. या जहागिरीचा कारभार गौतमाबाई स्वतः पाहत आणि सून तो जवळून पाहत होती. दुसरे शिक्षक खुद्द मल्हारराव. ते वर्षातले कित्येक महिने मोहिमांवर असत. मागे राहिलेल्या सुनेकडे वसुली, रसद, तोफखान्याचा सरंजाम, दारूगोळा आणि वैरण यांची जबाबदारी ते टाकत. तोफखाना पुढे कोठे न्यावा, वाटेत किती दिवस थांबावे, दारूगोळ्याची तजवीज कशी ठेवावी, याच्या बारीकसारीक सूचना देणारी मल्हाररावांची १७६५ मधील पत्रे प्रसिद्ध आहेत.

या पत्रांचा एक अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही. तोफखाना सांभाळणे म्हणजे लोहार, सुतार, ओतारी, चर्मकार, दारू कुटणारे आणि गाडीवान या सर्वांशी रोजचा व्यवहार करणे. कोणाची मजुरी थकली तर काम अडते, कोणत्या पेठेत कोणता माल वेळेवर मिळतो, वाट बंद पडली तर भाव कसे चढतात, हे सारे त्यांना गादीवर बसण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. कारागीर आणि व्यापारी यांच्यावाचून राज्य एक दिवसही चालत नाही, हा धडा त्यांना छावणीत मिळाला.

दुःखातून आलेला कारभार

१७५४ च्या मार्च महिन्यात कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले आणि राज्याच्या कामासाठी मागे ठेवले. १७६१ मध्ये पानिपत झाले आणि त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या. त्यांची खासगी अहिल्याबाईंकडे आली. १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. त्यांच्यामागे सरदारी मिळालेला मुलगा मालेराव हाही १७६७ मध्ये आजारात दगावला. तेरा वर्षांत पती, सासू, सासरे आणि एकुलता एक मुलगा अशी चार माणसे त्यांनी गमावली.

अशा वेळी विधवेच्या हाती दौलत राहू न देता दत्तक मुलगा बसवावा आणि सत्ता आपल्या हाती ठेवावी, असा घाट दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी घातला. राघोबादादा पेशवे यांनाही त्यांनी फौजेसह बोलावून आणले. अहिल्याबाईंनी आपल्या सरदारांना एकत्र केले, शिंदे-भोसले आदी सरदारांना पत्रे पाठवली, स्वतः लढण्याची तयारी ठेवली आणि राघोबांना असा निरोप धाडला, की पुरुषाने एका विधवेशी लढून जिंकण्यात त्याची कीर्ती नाही आणि हरण्यात मात्र मोठी नामुष्की आहे. क्षिप्रेच्या काठावरून राघोबा समाचाराला आल्याचे निमित्त सांगून थांबले. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या हक्काला मान्यता दिली आणि सारा प्रसंग रक्त न सांडता निभावला.

पुढे त्यांनी जी वाटणी केली, तिच्यावर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची घडी बसली. होळकर घराण्यातील तुकोजी होळकर यांच्याकडे त्यांनी फौज दिली. मुलकी कारभार, न्याय आणि खजिना मात्र स्वतःकडे ठेवला. राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. इंदूरला कमाविसदार नेमून त्या शहराची वाढ त्याच्या कलाने होऊ दिली.

दोन पिशव्या, दोन हिशेब

अहिल्यादेवींच्या खजिन्याचे दोन भाग होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याच्या महसुलाचा. तो फौज, किल्ले आणि राज्यकारभार यांसाठी. दुसरा खासगीचा, म्हणजे स्वतःच्या जहागिरीच्या उत्पन्नाचा. काशी, सोमनाथ, गया, घृष्णेश्वर, वैजनाथ येथील बांधकामे, अन्नछत्रे, घाट आणि धर्मशाळा यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून होत असे. १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचे मंदिर उभे राहिले, १७८३ मध्ये सोमनाथाजवळ नवे मंदिर आले, १७८७ मध्ये गयेचे विष्णुपद मंदिर पूर्ण झाले. ही सारी कामे त्यांच्या राज्याच्या बाहेर होती. रयतेचा महसूल रयतेच्या कामी आणि दानधर्म आपल्या पदरचा, ही शिस्त त्यांनी पाळली.

या शिस्तीचा व्यापाराशी थेट संबंध होता. त्या काळी बहुतेक सरदारांची पैशाची चणचण सावकारांच्या आणि दुकानदारांच्या गळ्याशी येई. मोहीम निघाली, की पेठेवर पट्टी बसे. लग्नकार्य निघाले, की नजराणा मागितला जाई. एखाद्याचा वाडा उंच झाला, की कोणाच्या तरी डोळ्यांवर येई. त्यामुळे पैसा मिळाला तरी तो जमिनीत पुरून ठेवण्याकडे लोकांचा कल असे. राज्यकर्त्याचा स्वतःचा हिशेब चोख असेल, तर त्याला पेठेत हात घालण्याची वेळ येत नाही. अहिल्यादेवींनी ती वेळ स्वतःवर येऊ दिली नाही आणि दुसऱ्यालाही येऊ दिली नाही.

जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ नंतर माळव्यात राहून तेथील माणसांच्या आठवणी गोळा केल्या आणि १८२३ मध्ये मध्य भारतावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अहिल्यादेवींना जाऊन तेव्हा अवघी पंचवीस-तीस वर्षे झाली होती. त्यांचे राज्य पाहिलेली माणसे हयात होती. सावकार, व्यापारी आणि शेतकरी सधन झालेले पाहून या बाईंना आनंद होई, आणि त्या सधनतेकडे त्या जादा वसुलीचे निमित्त म्हणून न पाहता अधिक संरक्षणाचा हक्क म्हणून पाहत, असे माल्कमने नोंदवले आहे. त्यांच्या साऱ्या कारभाराचे मर्म या एका निरीक्षणात आहे.

पेठेच्या बाजूने दिलेला निकाल

या धोरणाची कसोटी पाहणारे दोन प्रसंग माल्कमनेच सांगितले आहेत. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. जवळच तळ देऊन असलेल्या तुकोजींना काही हितसंबंधी लोकांनी त्या मालमत्तेत वाटा घेण्याचा सल्ला दिला. सावकाराची विधवा धावत महेश्वरला आली. अहिल्यादेवींनी तिची बाजू ऐकली, तिचा वारसाहक्क मान्य केला आणि तुकोजींना इंदुरातून तळ हलवण्याची आणि आपल्या शहराला उपद्रव न देण्याची ताकीद पाठवली. तुकोजी हे राज्याचे सेनापती होते, वयाने आणि अधिकाराने मोठे होते. तरीही त्यांनी ती आज्ञा पाळली. या एका निकालाने इंदूरच्या पेठेला जो विश्वास मिळाला, तो मोठी रक्कम वाटूनही मिळाला नसता.

दुसरा प्रसंग खरगोणचा. तेथील दोन सावकार भावांच्या विधवांनी, मागे वारस नसल्याने, आपली सारी संपत्ती अहिल्यादेवींच्या चरणी आणून ठेवण्याची तयारी दाखवली. त्यांनी ती घेतली नाही. स्वतःच्या हाताने गावाच्या उपयोगी पडेल अशा कामी ती लावा, असा सल्ला दिला. त्यातून खरगोणला नदीवरचा घाट आणि गणपतीचे मंदिर उभे राहिले. स्थानिक पैसा स्थानिक कामी लागला आणि तो लावणारे हातही तेथलेच राहिले.

निकाल देणारी व्यक्ती कितीही न्यायी असली, तरी रोजचा कारभार खालचे अधिकारी करतात. अहिल्यादेवींनी त्यांची निवड जपून केली आणि एकदा नेमलेला माणूस उगाच बदलला नाही. गोविंदपंत गानू हे त्यांच्या जवळजवळ साऱ्या कारकिर्दीत कारभारी राहिले, तर इंदूरच्या कमाविसदाराने वीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागी काम केले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. दर दोन वर्षांनी नवा अधिकारी आला, की नवे नियम येतात आणि पुन्हा पहिल्यापासून विनवण्या कराव्या लागतात. माणूस आणि नियम टिकून राहिले, तर दुकानदार पुढच्या वर्षाचा विचार करू शकतो. माळव्यातले एक साधे ठाणे असलेले इंदूर पाहता पाहता भरभराटीचे व्यापारी शहर बनले, त्यामागे ही स्थिरता होती.

वाट सुरक्षित, तर हाट सुरक्षित

महेश्वर आणि इंदूर यांच्यामध्ये विंध्याचा घाट आहे. माल बैलांच्या पाठीवर जाई आणि डोंगरात भिल्लांच्या टोळ्या तो लुटत. या वाटा सुरक्षित केल्याशिवाय कोणतीही पेठ वाढणार नव्हती. अहिल्यादेवींनी प्रथम कठोर उपाय केले, काही म्होरक्यांना शिक्षा दिल्या. परंतु केवळ धाकाने वाट कायमची खुली राहत नाही, हे त्यांनी ओळखले. डोंगरातून जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक बैलामागे अगदी अल्प रक्कम घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता. भिलकवडी या नावाने तो ओळखला जाई. हा हक्क अहिल्यादेवींनी मान्य केला. त्याच्या बदल्यात पडीक जमिनी लागवडीस आणणे, आपापल्या हद्दीतील वाट राखणे आणि चोरी झाली तर माल शोधून देणे, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

ही व्यवस्था आजही अभ्यासण्यासारखी आहे. ज्यांच्या पोटाचा प्रश्न लुटीत अडकला होता, त्यांना नियमित आणि उघड उत्पन्न मिळाले. व्यापाऱ्याला किती द्यायचे, ते आधी ठाऊक झाले. वाटेवर घेतलेल्या पैशाच्या बदल्यात वाटेची हमी मिळाली. कर घेणाऱ्याने त्या कराच्या मोबदल्यात सेवा दिलीच पाहिजे, हा आजच्या स्थानिक कारभाराचा पाया त्या डोंगरात घातला गेला होता.

वाट राखण्याबरोबर वाट बांधण्याकडेही त्यांचे लक्ष होते. विंध्याच्या माथ्यावर १७९१ मधला जाम दरवाजा आजही उभा आहे. खाली निमाडचे खोरे आणि वर माळव्याचे पठार यांना जोडणारा तो घाटरस्ता मोठ्या खर्चाने तयार करण्यात आला. ठिकठिकाणच्या विहिरी, बारव, पाणपोया आणि धर्मशाळा यांकडेही याच नजरेने पाहावे लागते. जालना जिल्ह्यातील अंबडला त्यांच्या काळातील बारव आजही दाखवतात. जेथे पाणी आणि सावली मिळते, तेथे वाटसरू थांबतो. जेथे तो थांबतो, तेथे फुटाणेवाला, नालबंद, कुंभार आणि हलवाई यांचा धंदा चालतो. परळीचा वैजनाथ असो की वेरूळचा घृष्णेश्वर, यात्रेचे ठिकाण सावरले गेले की त्याभोवतीच्या शेकडो लहान चुली पेटत्या राहतात.

महेश्वरचे माग

राजधानी महेश्वरला आल्यावर तेथे वस्ती वाढवण्याचा प्रश्न होता. राजधानीत नुसते कारकून आणि शिपाई असून भागत नाही. सुरत, मांडू आदी ठिकाणांहून अहिल्यादेवींनी विणकरांना बोलावून महेश्वरात वसवले, अशी तेथील परंपरा सांगते. त्यांनी विणलेली लुगडी आणि पागोट्याचे कापड दरबारातर्फे पाहुण्यांना आणि नातलगांना भेट म्हणून जाई. त्या साड्यांच्या काठांवर महेश्वरच्या किल्ल्यावरील आणि घाटांवरील नक्षी उतरली, तिच्यावरून महेश्वरी साडी आजही ओळखू येते.

कारागिराला आधार देण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्याला एकदाच काही रक्कम देऊन मोकळे होणे. दुसरा म्हणजे त्याच्या मालाला पहिले आणि नियमित गिऱ्हाईक मिळवून देणे. महेश्वरात दुसरा मार्ग धरला गेला. दरबार हाच पहिला ग्राहक झाला. दरबाराने नेसवलेले वस्त्र ज्यांनी पाहिले, ते पुढचे ग्राहक झाले. मागणी असली की विणकर आपल्या मुलाला माग शिकवतो, नसली की तोच मुलगा दुसरीकडे मजुरीला जातो. हा माग पुढे दोन शतके अनेकदा अडखळला. गिरणीच्या कापडाने त्याला जवळजवळ बसवले. १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटीच्या रूपाने तो पुन्हा उभा केला. त्यात स्थानिक स्त्रियांना विणकामाचे शिक्षण आणि बाजार या दोन्ही गोष्टी देण्यावर भर होता. पुढे महेश्वरी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मागे राहिलेली पोकळी

सार्वजनिक जीवनात यश लाभत असताना घरातली दुःखे थांबली नाहीत. वाटा सुरक्षित करणाऱ्या शूर तरुणाला मुलगी देण्याचे त्यांनी जाहीर केले आणि यशवंतराव फणसे यांना मुक्ताबाई दिली, अशी कथा सांगितली जाते. याच मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा १७९० मध्ये गेला. पुढच्या वर्षी यशवंतराव वारले आणि आईच्या विनवण्या न मानता मुक्ताबाई सती गेल्या. त्यानंतरही अहिल्यादेवींचा नित्यक्रम मोडला नाही. पहाटेची पूजा, मग दानधर्म आणि नंतर दिवस मावळेपर्यंत फिर्यादी व कागदपत्रे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात काय झाले, हे सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. तुकोजी १७९७ मध्ये गेले आणि होळकरांच्या घरात वारसाची भांडणे पेटली. शिंदे-होळकरांचे वैर उघड युद्धावर आले. १८०१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्जेराव घाटग्यांच्या हाताखालील शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. ज्या पेठेला एका स्त्रीच्या आज्ञेने सेनापतीचाही धक्का लागला नव्हता, ती पेठ तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांत उद्ध्वस्त झाली. वीस-पंचवीस वर्षांत जमलेला विश्वास काही दिवसांत विझला.

यात अहिल्यादेवींचा दोष काढण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात राज्य व्यक्तीभोवतीच फिरत असे. परंतु त्यातून मिळणारा धडा दुर्लक्षून चालणार नाही. व्यापाऱ्याला आणि कारागिराला मिळणारे संरक्षण जोवर एखाद्याच्या चांगुलपणावर अवलंबून आहे, तोवर ते उसने आहे. चांगला अधिकारी बदलून जातो, चांगला सरपंच निवडणुकीत पडतो. टिकते ते नियमात आणि अंदाजपत्रकात बसवलेले काम.

आजच्या चौकात

चौंडीची ही लेक आज सरकारी नकाशावरही आहे. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. २०२५ मध्ये त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली आणि त्या निमित्ताने ६ मे रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीला भरली. नावाचा सन्मान झाला, तो उचितच आहे. आता त्यांच्या कारभाराचा विचार खाली गावापर्यंत उतरतो की नाही, हे पाहायला हवे.

लहान व्यावसायिकांसाठी योजना आज नाहीत असे नाही. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा झाला आणि विक्रेत्यांना ओळखपत्र, ठरलेली जागा आणि नगर पथविक्रेता समितीत प्रतिनिधित्व मिळण्याची सोय झाली. २०२० मध्ये पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज देणारी स्वनिधी योजना आली. सुरुवातीला पहिले कर्ज दहा हजारांचे होते, २०२५ मध्ये ते पंधरा हजारांचे करण्यात आले. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहार, कुंभार, सुतार, शिंपी आदी १८ पारंपरिक व्यवसायांसाठी प्रशिक्षण, अवजारे आणि पाच टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. जिल्हा उद्योग केंद्रे आहेत, महिला बचत गटांचे जाळे आहे.

अडचण वेगळीच आहे. पथविक्रेत्यांचा कायदा प्रामुख्याने महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायती यांच्या हद्दीसाठी आहे. मांजरसुंब्यासारखी महामार्गावरची चौफुली धंद्याने शहरासारखी, पण कारभाराने ग्रामपंचायतीची. शहराचा कायदा तेथे पूर्णपणे पोहोचत नाही आणि खेड्याच्या योजना शेतीभोवती फिरतात. महामार्ग रुंद करणारे खाते वेगळे, अतिक्रमण काढणारे वेगळे, परवाना देणारे वेगळे आणि कर्ज देणारी बँक वेगळी. हातगाडी लावणाऱ्याने कोणाकडे जावे, हे त्याला कोणी सांगत नाही. मोठे रस्ते जेथे जेथे झाले, तेथे वळणरस्त्याने किंवा पुलाने जुन्या चौकातली गर्दी दुसरीकडे वळल्याची उदाहरणे राज्यात पुष्कळ आहेत. ज्याची सारी कमाई वाटसरूवर आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न जगण्याचा असतो.

येथे गावाच्या पातळीवर फार मोठा खर्च न करता काही कामे होऊ शकतात. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. त्यातून सीताफळ विकणाऱ्या बायांसाठी सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि फळांचा गर काढून टिकवण्याचे प्रशिक्षण यांची सोय होऊ शकते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मानांकनाचा फायदा पाटीपर्यंत आणायला कोणीतरी मधे उभे राहावे लागते. गाळ्यांचे भाडे आणि बाजाराची पट्टी यांतून आलेल्या पैशाचा ठरावीक हिस्सा त्याच बाजारावर खर्च करण्याचा ठराव करता येतो. योजनांचे अर्ज भरून देणारा, हिशेब समजावणारा आणि बँकेशी बोलणारा एक माणूस आठवड्यातून एक दिवस चौकात बसला, तरी अनेकांची कामे मार्गी लागतील.

यातील प्रत्येक गोष्ट अहिल्यादेवींच्या कारभारात कोणत्या ना कोणत्या रूपात होती. वाटेवर घेतलेला पैसा वाटेसाठी, हे भिलकवडीचे तत्त्व. मालाला पहिले गिऱ्हाईक, हे महेश्वरच्या मागांचे. पेठेला उपद्रव देऊ नये, ही तुकोजींना दिलेली ताकीद. दौलतीचा आणि खासगीचा हिशेब वेगळा, हे पारदर्शकतेचे. जे त्यांच्याजवळ नव्हते, ते मात्र आपल्याजवळ आहे. ठराव करण्याचा अधिकार असलेली ग्रामसभा आहे आणि मागच्या वर्षी तरतूद केलेली रक्कम खर्च झाली का, असे विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

इंग्रजी तारखेप्रमाणे अहिल्यादेवींची पुण्यतिथी १३ ऑगस्टला येते आणि अवघ्या दोन दिवसांनी, स्वातंत्र्यदिनी, गावोगावी ग्रामसभा भरतात. प्रतिमेला हार घालून झाल्यावर, चौकात बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली आणि बाजारातून किती जमा झाली, हे दोन आकडे त्या सभेत वाचून दाखवण्याचा आग्रह एखाद्या गावाने धरला, तर इंदूरच्या पेठेला जे टिकवता आले नाही ते त्या गावाला टिकवता येईल.